तीनशेएकावा सेकंद

दिवसा काही बिघडत नाही.
दिवसा मकरपुऱ्यातून व्हॉल्व्हच्या चाचण्यांचे रिपोर्ट जातात,
कोटेशनं येतात, स्टोअरमधल्या कुणाच्या बारशाचं आमंत्रण येतं,
तार बोलती असते.
तुटते ती जेवणाच्या सुट्टीत
आणि रात्री, ह्यूस्टनचा माणूस टेबलाशी बसलेला असताना.
"बेन, पाछुं तूट्युं," किरीटभाई दारातून सांगतात
आणि दारातच उभे राहतात.

तीन आठवडे आम्ही दोष वाटत फिरलो.
केबल बदलली. स्विच बदलला.
लाइनवाल्या कंपनीचा पोरगा चहा पिऊन गेला,
आमच्याकडून ओके, म्हणाला.
डक्टमध्ये एक मेलेली घूस सापडली,
दोन दिवस सगळं तिच्यावर ढकलता आलं.

मग मी लॉग कागदावर छापला
आणि पट्टी लावून, ओळीखाली ओळ, वेळा वजा केल्या.
शेवटचं अक्षर गेल्यापासून पाच मिनिटं.
दर वेळी पाच मिनिटं.
घूस इतकी नेमकी नसते.

फायरवॉल होती ती.
लोखंडी कपाटात हिरवा दिवा लावून बसलेली,
तिच्या वहीत प्रत्येक जोडणीचं नाव.
तीनशे सेकंद कुणी बोललं नाही
की नाव खोडते.
सांगत नाही. सर्व्हरला नाही, किरीटभाईंच्या यंत्रालाही नाही.
दोघं आपापल्या टोकाला कान लावून,
समजतात, चालू आहे.
मग अकरा वाजता पत्र निघतं आणि भिंतीशी येतं.
नाही म्हटलं असतं तिनं
तर निदान दुसरं दार वाजवलं असतं.
ती नुसतं गिळते.
यंत्र पुन्हा पाठवतं, पुन्हा,
दर खेपेला दुप्पट थांबून,
स्वतःचीच उधारी मागायला संकोचणाऱ्यासारखं.

नियम घोरपड्यांच्या हातचा.
शेजारी टिपण: कारण आहे. काढू नये. ज. घो.
कारण लिहिलेलं नाही.

घोरपडे आता दांडिया बाजारात, मुलाकडे.
झटका आल्यापासून शब्द उशिरा येतात,
मुलानं आधीच सांगितलं आणि फोन त्यांच्या कानाला लावला.
काका, तीनशे का?
पंखा ऐकू आला.
खाली कुणाची तरी स्कूटर सुरू होईना.
कुकरची शिट्टी. बऱ्याच वेळानं दुसरी.
हॅलो म्हणावंसं वाटलं,
जीभ दाताखाली धरली.

"पूर," ते म्हणाले.
मला विश्वामित्रीचा वाटला, त्या साली
तळमजल्यावर पाणी होतंच.
पुन्हा पंखा.
"नावांचा. वही भरली.
अर्धी नावं... खोटी. हाक मारायची, पळायचं.
खरी माणसं... बाहेर."

म्हणजे कुणीतरी दुरून, हजारोंनी, अर्धवट हाका मारल्या होत्या,
आणि हा माणूस रात्रभर
एकेक नाव हातानं खोडत बसला होता.
पहाटे नियम लिहिला असेल.
दमलेल्या माणसाला कारण लिहायचं सुचत नाही.
फोन त्यांनीच ठेवला. नऊ मिनिटं बेचाळीस सेकंद.

नियम काढला नाही.
सर्व्हरला एवढंच शिकवलं:
दर चार मिनिटांनी एक रिकामी चिठ्ठी टाक.
आत काही नको.
पलीकडून तितकीच रिकामी पोच येते
आणि वहीतलं नाव टिकतं.

रात्री आकडा बघत बसले,
दोनशे अडतीस, दोनशे एकोणचाळीस,
शून्य.
रामसंग राउंडला आला, काठी दाराला टेकवून
"बेन, हवे शुं जुओ छो? चालू तो छे."
हो, म्हटलं, चालू आहे.
तो गेल्यावर टिपणाखाली एक ओळ वाढवली,
कारण: पूर, नावांचा.
तारीख घातली. त्यांची अक्षरं
होती तशीच ठेवली.