पातळीची वही

सकाळी सहा चाळीसला मी खांबापाशी असते.
लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा लोखंडी खांब,
त्याच्या बोटभर रेघांवर तीन देशांची शेतं नि दिवे टांगलेले.
हातमोजा दातात धरून वहीत लिहिते:
आठशे एकोणनव्वद मीटर, बत्तीस सेंटिमीटर.
मग फोन.

फोनच्या खालच्या टोकाला एर्गाश.
नारीनचं पाणी त्याच्या ठाण्याशी पोचेपर्यंत
नदीचं नावसुद्धा बदललेलं असतं.
मी त्याला कधी पाहिलेलं नाही.
खोकल्यावरून ओळखते,
आणि त्याच्या मागे कायम आपटणाऱ्या एका दारावरून.

जानेवारीत तो म्हणतो, बुरुलचा, आवरा ना थोडं,
इथे नदी गोठलीय, तुमचं पाणी बर्फावर चढून
लोकांच्या अंगणात येतंय.
मी म्हणते, आवरलं तर आमच्या दवाखान्यात अंधार.
जुलैत तो म्हणतो, सोडा ना थोडं,
कापसाची पानं भर दुपारी माना टाकतात.
मी म्हणते, आत्ता सोडलं तर जानेवारीत काय जाळू?
पाणी तेच.
त्यांना उन्हाळ्याची तहान, आम्हाला हिवाळ्याची.

पूर्वी म्हणे सोपं होतं:
उन्हाळ्यात आम्ही पाणी द्यायचं, हिवाळ्यात त्यांनी कोळसा.
ताटातलं वाटीत, वाटीतलं ताटात.
मग ताट एका देशात गेलं, वाटी दुसऱ्यात.
आता दर वसंतात साहेब लोक जमतात,
बाटलीतलं पाणी पीत नदीबद्दल बोलतात,
घोंगडं भिजतच राहतं.
एका वर्षी कोळशाच्या वॅगनी आल्या
तेव्हा जर्दाळू फुलले होते.

एर्गाशला एक सांगितलेलं नाही.
धरणाच्या पोटात आमचं गाव आहे, कारा-ओरुक.
मी सात वर्षांची. ट्रकवर चूल, गाद्या, शेळ्या.
बापाने दार चौकटीतून उचकटून बरोबर घेतलं.
उंबरा राहू दे, आई म्हणाली,
नाहीतर घर परत ओळखायचं कसं?
म्हणून मी रोज दोन आकडे लिहिते:
एक कळवायचा,
एक कोपऱ्यात, पेन्सिलीने: उंबऱ्यापर्यंत उरलेले मीटर.

गेल्या वर्षी डोंगरावर बर्फ पडलंच नाही.
त्यात खालच्यांनी पैसे आगाऊ मोजले,
दरवाजे उघडले.
एर्गाशच्या कापसाला एक आवर्तन जास्त मिळालं,
तो फोनवर हसला, पहिल्यांदाच.
मीही हसले. त्याला वाटलं, त्याच्यासाठी.
पेन्सिलीचा आकडा: अकरा. नऊ. साडेचार.

ऑगस्टच्या शेवटी चिखलातून
पॉपलरचे खुंट वर आले, ओळीने,
मग शाळेच्या पायऱ्या.
वही बगलेत धरून मी चालत गेले.
उंबरा होता.
त्याच्यावर एक शिंपला, कडेला घोडा बांधायची कडी.
बसले.
समोर डोंगराच्या अंगावर पाण्याच्या जुन्या रेघा,
एकाखाली एक, वहीच्या पानासारख्या,
सगळ्यात वरची माझ्या डोक्यावर पंचवीस पुरुष.
एवढं पाणी आमच्या घरावर होतं.
एवढंच हिवाळ्याला लागतं.

संध्याकाळी त्याने विचारलं, किती?
मी आकडा सांगितला. मग दुसराही: शून्य.
शून्य कसलं?
घरी जाऊन आले, म्हटलं, आणि सगळं सांगितलं.
तिकडे दार आपटलं. तो खोकला नाही.
बऱ्याच वेळाने म्हणाला,
मग आता चढायला हवं ना पाणी?
मला हो म्हणता आलं नाही.

ह्या हिवाळ्यात दरवाजे जवळजवळ बंद.
दुपारी तीनला दिवे जातात,
दवाखान्यामागे जनरेटर धडधडतो,
मी कंदिलाशी वही लिहिते.
दिवसाला दोन बोटं चढतंय.
उंबरा परत गेला.
एर्गाश म्हणतो, यंदा कुणाच्या अंगणात बर्फ नाही,
बायको तुला दुवा देते.
मी विचारते, ते तुझ्या मागचं दार,
ते कधी दुरुस्त करणार?
लागतच नाही, तो म्हणतो.
चौकट फुगलीय.
पाण्याने.