पूर्ण काळ

सहावी ब. मार्च. पंखा कालपासून बंद.
फळ्यावर मी लिहिलं : काम उरकलं की 'आहे',
त्याच्याही आधी उरकलेलं असेल तर 'होते'.
साखर पेठेतल्या मागांची खटखट
खिडकीतून येऊन बसते, हजेरी न देता.

वाक्यं ज्याची त्याने घरून आणायची होती.
लावण्या गुंडेटी उठली :
"आईने आज आठशे विड्या वळल्या आहेत."
जरा थांबून, "काल दोनशे कारखान्याने बाद केल्या होत्या."
घरी तेलुगू बोलणारी पोर,
'होत्या' कुठे ठेवायचं ते तिला चुकत नाही.

पूर्ण भविष्याला श्रीहरी कोंड्याल.
"भिवंडीत पप्पा आत्ता जेवले असतील."

अरे, हा भविष्यकाळ नाही, हा अंदाज.
रूप तेच, फक्त...
खडू हातात तसाच.
एक वाजून गेला होता.

संध्याकाळी वह्या तपासताना
त्याच वाक्याखाली अजून एक सापडलं,
वर्गात न वाचलेलं :
"दिवाळीपर्यंत पप्पा आले असतील."

बरोबरची खूण केली. सही केली.
सहीखाली तारीख घालतो मी नेहमी.
ती तेवढी घातली नाही.