डोळे बांधून

पट सतरा. हजर चौदा.
तिघं मोह वेचायला गेलीत पहाटेच,
उन्हं चढायच्या आत टोपलं भरतं.

पुस्तकात पान एकसष्टवर एक झाड आहे :
खाली तपकिरी दांडा, वर हिरवा गोळा.
लातूरला मी तेच सात वर्षं फळ्यावर काढलं,
कुणी काही विचारलं नाही.
इथं, किनवटच्या पुढं, रुजू झालो त्याच्या दुसऱ्याच दिवशी
जंगू आत्राम म्हणाला,
"गुर्जी, हे कशाचं झाड?"

आज फळा कोरा.
बाहेर चौदा कागद, मेणाचे खडू, माझे दोन रुमाल
आणि शेवंताच्या गोठ्यातलं दावं, घेर मोजायला.
(दावं पुरलं नाही. मग हातात हात धरून
मोहाला कव घातली : तीन लेकरं नि एक वीत.)

सालीवर कागद धरून खडू आडवा घासला
तर ऐनाच्या चौकोनी भेगा वर आल्या.
इंदल म्हणतो, माझ्या आज्याची टाच.
धावड्याच्या कागदावर जवळजवळ काहीच नाही.
सागाच्या कागदावर मात्र
भेगांमधून एक आकडा उमटला, चारशे बारा,
हातोडीनं ठोकलेला.
सगळे जरा गप्प.
मग पुढच्या झाडाकडे.

मग रुमाल. जोडीदारानं गोल फिरवायचं,
एका झाडाशी न्यायचं, परत आणायचं;
डोळे सोडल्यावर आपलं झाड आपण हुडकायचं.
चौदाही जणांना सापडलं.
शेवंता तर पायाखालच्या पाचोळ्याच्या आवाजावरून
सांगत होती, कुठवर साग, कुठून तेंदू.

"आता तुम्ही."
अंधारात मी हात पुढं केला
आणि कुणीतरी मनगट घट्ट धरलं :
"त्याला नका लावू गुर्जी, बिबा हाय. उततंय."

वाचनात शेवंता 'क' गटात आहे.
हे मीच लिहिलंय,
लाल शाईनं.

दहाच्या सुमाराला ते तिघं आले, डोक्यावर टोपली,
अंगाला मोहाचा गोड, आंबूस वास.
हजेरीत खाडाखोड केली.
तपासणीला कुणी आलंच तर बघू.

मला माझं झाड सापडलं नाही.
दोनदा भलत्याच सागाला मिठी मारली.
जंगू म्हणाला, "हात लावला तुम्ही,
पर वास कुठं घेतला?
उद्या परत."