नाकारलेलं प्यादं

मुलुंडचं मंगल कार्यालय. पाचवी फेरी, पट सतरा.
कालच्या लग्नाचा झेंडू अजून खांबाला,
सतरंजीवर हळदीचा डाग
बरोबर माझ्या उजव्या बुटाखाली.

समोर युगंधरा पाठारे, वय वर्षं अकरा,
पाय जमिनीला टेकत नाहीत,
पेनाचं टोपण दातांत.
पंच डिमेलो म्हणतात, घड्याळं सुरू.

वजिरापुढचं प्यादं, दोन घरं.
लहानपणी ते एकच घर चालायचं.
दुसऱ्या घराची मुभा मला
टेलिफोन एक्स्चेंजच्या रात्रपाळीत मिळाली,
मोंडकरांकडून, दोन रिंगांच्या मधल्या वेळात.
तेव्हापासून एकतीस वर्षं हीच सुरुवात.

तिचंही दोन घरं.
प्यादी समोरासमोर, जिन्यात गाठ पडलेल्या
शेजाऱ्यांसारखी; अंग कोणी चोरायचं?
मी उंटापुढचं प्यादं सरकवलं बाजूला:
घे.
ती घेत नाही.
राजापुढचं प्यादं एक घर पुढे करते,
दार नुसतं लोटून घ्यावं तसं,
कडी न लावता.

मग बराच वेळ काही घडत नाही.
म्हणजे घोडे बाहेर येतात,
राजे हत्तीआड कोपरा धरतात,
मी पाण्याची बाटली उघडून तशीच बंद करतो.
तिचा एक उंट आपल्याच प्याद्यांमागे कोंडलेला,
तळमजल्याच्या भाडेकरूसारखा:
उजेड नाही, तक्रार नाही.

तेविसाव्या चालीला तिच्या रांगेत भगदाड पडलं.
मोंडकर असते तर खुर्ची पुढे ओढली असती.
ते नाहीत. त्यांचं ते घसा खाकरणं
आता मला लागलंय.

हत्ती एकेक, प्यादी चारास तीन.
माझ्याकडे सहा मिनिटं,
डोळ्यांत पाणी, ट्यूबलाइटचं.
म्हटलं, बरोबरी?
तिनं टोपण तोंडातून काढलं, मान हलवली.
आज दुसऱ्यांदा.

एकोणसाठाव्या चालीला मी राजा आडवा केला.

मागे, भांडी घासायच्या मोरीपाशी,
प्लास्टिकच्या पटावर तिनं डाव पुन्हा मांडला.
“काका, इथे तुमचा हत्ती सातव्या रांगेत आला असता
तर मी संपले होते.
तुम्ही बरोबरी मागितलीत.”
“मग घेतली का नाहीस?”
“वाटलं, तुम्ही घाबरलात.”

मी खाकरलो.
तिनं पट फिरवला, पांढरी आपल्याकडे घेतली.
वजिरापुढचं प्यादं, दोन घरं.
मोरीत कुणीतरी परात आपटली.