खर्चाचा कागद

ओरुरोच्या उत्तरेला, टायरवाल्यांची रांग संपते
आणि वारा पत्र्यांवर वाळू घासत बसतो,
तिथे आमचं इंजिन साखळीला लटकतंय तीन दिवस.
खाली ट्रकचं तोंड उघडंच,
कवळी काढून ठेवलेल्या म्हाताऱ्यासारखं.

फाउस्तीनो सिमेंटच्या पिशवीचा तुकडा फाडतो,
कानामागची पेन्सिल जिभेला लावतो.
सहा लायनर, सहा पिस्टन, रिंगा.
ब्राझीलचा माल घे, कासिमिरा, स्वस्तातला घेतलास
तर पोतोसीच्या चढावर मला शिव्या घालशील.
क्रँक घासायला ला पाझला पाठवावी लागेल.
हेडला चीर आहे, ती बघू.
मजुरी शेवटी, बारीक अक्षरात,
लाजल्यासारखी.
अठ्ठेचाळीस हजार बोलिव्हियानो.
तेल वेगळं.

घर पहावं बांधून, म्हणतात.
घर बांधताना निदान भिंत चढताना दिसते.
इथे पैसे उतरतात
पंजाएवढ्या सहा भोकांत, अंधारात,
आणि सगळं नीट जमलं तर
दिसत काहीच नाही,
धूरसुद्धा नाही.

माझ्याकडे एकतीस आहेत.
भाऊ म्हणतो, भंगारात काढ.
तो आरिकाच्या बंदरावर क्रेन चालवतो,
त्याचं इंजिन कंपनीचं.
पतसंस्था चार टक्क्यांनी देईल,
चार म्हणजे महिन्याला.
उयुनीहून मिठाची एक खेप,
टायर फुटला नाही तर हातात सहाशे.
सतरा हजार म्हणजे अठ्ठावीस खेपा,
व्याज धरून चाळीस,
त्यात माझी झोप धरलेली नाही.

चौथ्या दिवशी फाउस्तीनोने हाक मारली.
मेन बेअरिंगच्या वाटीमागे
नखाएवढ्या रुंदीची पत्र्याची पट्टी,
तेलात काळी झालेली.
हे कुणाचं काम? त्याने विचारलं,
आधी हसत.
शिकाऊ पोराने केलं असतं तर कानाखाली दिली असती.
मग मायक्रोमीटर लावला, दिव्याकडे धरून वाचला,
पुन्हा लावला.
माप बरोबर आहे, म्हणाला. हसला नाही.

रॉकेलमध्ये बुडवून मी ती अंगठ्याने पुसली.
निळा रंग. गाईचं अर्धं शिंग.

दुधाच्या भुकटीचा डबा.
आईचं किनवा मोजायचं माप.
मी नऊ वर्षांची होते, एका रात्रीत डबा गेला.
आईने शेजारच्या फ्लोरेन्सियाचं नाव घेतलं,
भर नळावर, सगळ्या बायकांसमोर.
नंतर कधी तिच्याशी बोलली नाही.
फ्लोरेन्सिया गेली त्या दिवशी
दारापर्यंत गेली, आत गेली नाही.

बाबा चुलीशी बसून
काडीने नखांतलं ग्रीस काढत असायचे.
विचारलं तर म्हणायचे, डब्याचं काय एवढं.
नव्या बेअरिंगपुरते पैसे नव्हते घरात
हे मला आज कळतंय, तेहतीस वर्षांनी,
एका उघड्या इंजिनापाशी,
बाबांचं काम जिथे कुणी बघणार नव्हतं तिथे.

त्या पट्टीवर किती मीठ ओढलं आम्ही.
माझी शाळा, भावाचा आरिकाचा प्रवास, बाबांची शवपेटी.
बाबांना ओरुरोहून गावी नेलं तेही ह्याच ट्रकने,
आणि वाटेत इंजिन एकदाही कुरकुरलं नाही.

आई आता मुठीने मोजते.
मूठ वयाबरोबर लहान झालीये,
भात कमी शिजतो, तिला ते ठाऊक नाही.
तिला सांगावं की नाही, ठरत नाही माझं.
सांगितलं तर फ्लोरेन्सियाचे पैसे कुणी फेडायचे,
किती टक्क्यांनी?

उद्या सकाळी पतसंस्थेत सही करणार आहे.
फाउस्तीनो म्हणतो, आता नवी वाटी बसेल,
ही पट्टी नको. भंगारात टाकू?
वजन किती भरेल, मी विचारते.
तो तळहातावर तोलतो.
काहीच नाही, म्हणतो.
मग दे इकडे.