कांडप

गंगावेशीच्या आमच्या गिरणीत
मार्च ते मे अख्खी पेठ रडते.
कुणाचं काही झालेलं नसतं.
ब्याडगी रंगाला, संकेश्वरी चवीला, लवंगी जाळाला,
चार मुसळं खाली-वर, खाली-वर,
आणि रांगेतल्या बायका पदरानं नाक दाबून
गळत्या डोळ्यांनी एकमेकींकडं बघत हसतात.
ठसका, "अगं बाई गं", पुन्हा हसू.

मला काही होत नाही.
एकवीस वर्षं झाली, डोळे निबर झालेत.
शिंक कशी येते तेही विसरले होते.

त्या दिवशी हौसाक्का चौगुले आली.
तीन किलो मिरची, देठं काढलेली.
दरवर्षी तिचा नवरा काढायचा,
अंगणात पेपर पसरून, रेडिओ लावून.
त्यानं खुडलेल्या मिरचीला टोपी म्हणून राहायची नाही.
यंदा वरची मिरची तशीच साफ होती,
खालच्या निम्मीला देठाचे खुंट.
म्हणजे कुठवर त्याचा हात चालला
ते डब्यात बोट घालून सांगता आलं असतं.
तेराव्यालाही ती रडली नव्हती म्हणे.
पेठ बोलायला कमी करत नाही.

मुसळ पडलं. धूळ उठली.
तिच्या डोळ्यांना पाणी आलं,
सगळ्यांच्या येतं तसंच.
"मिरचीनं," ती म्हणाली, कुणी विचारलं नसताना.
मी मान हलवली.

मिरचीचं रडणं मला कळतं.
ते डोळ्यात सुरू होतं, नाकात संपतं,
हनुवटीचा त्यात काही संबंध नसतो.

थोड्या वेळानं तिची हनुवटी हलली.
मग खांदे.
मग बरगड्यांच्या खालून काहीतरी वर यायला लागलं,
बादली आडाच्या भिंतीला आपटत आपटत यावी तसं.
पाणी आधी आलं होतं.
दुःख मागून आलं, उशिरा,
दार उघडंच आहे बघून.

मी मशीन बंद केलं नाही.
आवाज थांबला असता तर ती थांबली असती.
कांडून झालेलं तिखट
पुन्हा एकदा उखळात ओतलं, गरज नसताना.

माझी आई गेली तेव्हा
बहिणी रडत होत्या, मी चहाचं बघत होते.
"मोकळी हो," मावशी म्हणाली.
मोरीत जाऊन प्रयत्न केला.
ओठ वाकडे केले, श्वास तोडून बघितला.
आरशात
शिंक अडकलेलं माणूस दिसत होतं.

मग वैशाखात एका रात्री लाइट गेली.
मुसळं वरच्या वर थांबली.
सगळं गप्प,
आणि छातीत तोच ठोका चालू,
मशीनपेक्षा मोठ्यानं.
तळहात ओले. मानेवर काटा.
मी घाबरले होते.
कशाला, ते अजून ठरलं नव्हतं.
काडेपेटी चाचपावी तशी
अंधारात कारण शोधायला लागले.
चोर? कडी लावलेली.
साप? मिरचीत कुठला येतोय.
वीजबिल? भरलंय.
हात फळीवरनं सरकत गेला
आणि आईच्या तपकिरीच्या डबीला लागला.

सात महिने तिथंच होती.
रोज दिसायची. रोज तिच्यामागचा झाडू घ्यायचे मी.

उघडली. हुंगली.
शिंक आली.
एक. दुसरी.
पुढच्या मोजल्या नाहीत,
कारण पुढच्या शिंका नव्हत्या.

लाइट आली, मुसळं आपली आपण पडायला लागली.
पाठीमागं कामावरचा बाबासो उभा होता,
कधीपासून कुणास ठाऊक.
"तपकिरीनं," मी म्हणाले.

त्यानं मान हलवली
आणि कांडून झालेलं तिखट
पुन्हा उखळात ओतलं.