दोन हाफ

धामोडातून कोर्टाच्या वेळेत पोचवणारी गाडी एकच,
साडेसातची.
म्हणून तारखेला आम्ही दोघंही तिच्यातच असतो.
मी आणि ईश्वरी मागं,
तो पुढं, ड्रायव्हरच्या पाठच्या बाकावर.
अर्जात त्याला सामनेवाला म्हटलंय.
टाइप करणाऱ्याला काय ठाऊक,
दीड तास माझ्या समोर
खरंच त्याची मान असते,
कानामागं साबण तसाच वाळलेला.

टिपुगडे कंडक्टर आमच्या लग्नात पंगतीला वाढत होते.
पहिल्या तारखेला सवयीनं म्हणाले, "तीन?"
मी म्हटलं, दोन हाफ.
बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून
मी हाफ, पोरगी हाफ.
मशीन किरकिरलं. पुढून आवाज आला, एक.
तेव्हापासून ते विचारत नाहीत,
नुसते दोन ठिकाणी थांबतात.

भोगावतीजवळ उसाच्या ट्रॉल्या आडव्या येतात,
मळीचा वास खिडकीतनं आत.
तो इथंच काट्यावर असतो.
कुणाचा ऊस किती टन भरला, तोंडपाठ.
शपथपत्रात मात्र,
हंगामी कामगार, उत्पन्न सहा महिने.
पोरगी बारमाही आहे, मी निगवेकर मॅडमना म्हटलं.
त्या हसल्या,
आणि तेच वाक्य चार ओळी लांब करून
दाव्यात घातलं.

रंकाळा स्टँडवरनं पुढं केएमटी.
ती तो एक सोडतो. तेवढं कळतं त्याला.
कसबा बावड्यातला झेरॉक्सवाला आता ओळखतो.
आधार, रेशनकार्ड, पासबुक, लग्नाचा फोटो.
"फोटो काळा-पांढराच काढू न्हवं, वहिनी?"
व्हय म्हटलं. रंगीत दहा रुपये.

वऱ्हांड्यात बाकं कमी, माणसं सगळी ओळखीची.
त्याचा वकील माझ्या मावसभावाच्या वर्गातला.
तो आणि माझ्या मॅडम
एक चहा दोन कपांत करून घेतात.
पहिल्यांदा बघितलं तेव्हा डोक्यात तिडीक गेली.
आता वाटतं,
चला, कुणीतरी बोलतंय एकमेकांशी.

समुपदेशक बाई म्हणाल्या,
मार नाही, दारू नाही, मग अडलंय कुठं?
काय सांगू.
सहा वर्षं त्या घरात माझं नाव कुणी घेतलं नाही.
ए. अगं. ऐकलंस काय. ईश्वरीची आई.
इथला शिपाई मात्र
जिन्याच्या तळापर्यंत जाईल असा पुकारतो,
सुवर्णा शहाजी चौगले!
मी उठते.
मधल्या नावाला तोही उठतो.

त्या दिवशी साहेब रजेवर. पुढली तारीख.
परतीला गाडी खच्चून भरलेली,
तो रेटारेटीत आमच्या मागं आलेला,
पहिल्यांदाच.
मी दोन हाफ घेतली.
मग पाठीमागं ऐकलं,
"एक फुल, एक हाफ."
"पोरीचं निघालंय की ओ," टिपुगडे म्हणाले.
"असू दे. काढा."
मशीनमधनं निघालेला कागद
पुन्हा आत जात नाही.
मी मागं वळले नाही.
मान आता माझी होती,
आणि तिच्यावर काय दिसत असेल, कुणास ठाऊक.

ईश्वरीला दोन तिकिटं मिळाली.
एकाची नळी करून
परितं येईपर्यंत फुंकत बसली,
मग झोपली.
नळी तिच्या मुठीतनं मी काढून घेतली.

मॅडमना दाखवली पुढच्या खेपेला, सरळ करून.
त्यांनी चष्मा वर केला.
याचा पुरावा होत नाही, म्हणाल्या,
त्याच्याही बाजूनं नाही, आपल्याही नाही.
आणि पासबुकाची पानं मागितली.

फाइलच्या कप्प्यात आहे अजून.
शाई उडत चाललीय. पैसे गेले, वेळ गेली,
धामोड तेवढं वाचता येतं.
अठ्ठावीसला तारीख आहे.
साडेसातची गाडी.